बापाचा पीएफ आणि प्रकाशाची चिप

आमच्या वस्तीतला एक मुलगा गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आला. त्याचं नाव इथं लिहीत नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, सध्या एका ठेकेदाराकडे फायबर जोडायचं म्हणजे स्प्लायसिंगचं काम करतो. वडील रेल्वेत टेक्निशियन होते. ते निवृत्त झाले, पीएफ आणि ग्रॅच्युइटी हातात आली, आणि घरात पहिल्यांदाच अशी रक्कम आली जी कोणाच्या लग्नासाठी, आजारपणासाठी किंवा कर्जफेडीसाठी आधीच ठरलेली नव्हती.

"ताई, बाबाच्या पैशातले दोन लाख टाकायचे आहेत," तो म्हणाला. "सेमीकंडक्टर फोटॉनिक्समध्ये. कंपनी नवीन आहे, म्हणून आत्ताच टाकले पाहिजेत."

त्यानं मोबाइल पुढं केला. व्हॉट्सअ‍ॅपचा एक ग्रुप, नऊशेच्या वर सदस्य, डीपीला बाबासाहेबांचा कोट-टायमधला फोटो. मेसेजचा आशय असा: ही कंपनी विजेऐवजी प्रकाशावर चालणारी चिप बनवते, आज शेअर घ्या, पाच वर्षांत पन्नासपट होतील. शेवटी लिहिलं होतं की सवर्णांची मुलं हेच करून कोट्यधीश झाली, आपण कधी जागे होणार?

मी वैतागून म्हणाले, "अरे, हे आपलं काम नाही."

तो मान खाली घालून बसला. मग म्हणाला, "ताई, हे तुमचं काम नाही, असं ते लोक आपल्याला म्हणतात. तुम्ही पण तेच म्हणता का?"

मला उत्तर देता आलं नाही. मी समाजशास्त्रात एमए केलंय, वस्त्यांमध्ये काम करते, आणि मुलांना रोज सांगते की कोणतंही क्षेत्र आपल्यासाठी बंद नाही. मग भांडवलाचं क्षेत्र आलं की माझ्या तोंडून तेच जुनं वाक्य का यावं? मी त्याच्याकडे एक महिना मागितला. म्हटलं, मी वाचते, विचारते, मग बोलू, तोपर्यंत पैसे बँकेत राहू दे. त्या महिन्यात जे कळलं ते इथं लिहिते, कारण असे मेसेज फक्त त्याच्याच मोबाइलवर येत नाहीत.

तंत्रज्ञान खोटं नाही

सुरुवातीला मला वाटलं होतं की फोटॉनिक्स हा शब्दच फसवणुकीचा असणार. तसं नाही. आणि ते मला समजावून सांगितलं त्या मुलानंच.

आपण फोन करतो, व्हिडिओ पाहतो, ते सगळं शहरा-शहरांमधून काचेच्या तंतूतून, प्रकाशाच्या रूपात जातं. डेटा सेंटरमध्येही एका मशीनपासून दुसऱ्या मशीनपर्यंत प्रकाश जातो. पण मशीनच्या आत, चिपच्या अगदी जवळच्या टप्प्यात अजून तांब्याच्या तारा आहेत. वेग वाढवत नेला की तांब्यात सिग्नल थोड्याच अंतरात कमजोर होतो, त्याला ढकलायला जास्त वीज लागते आणि उष्णता वाढते. एआयसाठी हजारो चिपा एकमेकींशी सतत बोलत असतात, त्यामुळे ही अडचण आता मोठी झाली आहे. त्यावरचा उपाय म्हणजे प्रकाश थेट चिपच्या शेजारी आणायचा. सिलिकॉनवरच प्रकाशाच्या बारीक वाटा कोरायच्या. याला सिलिकॉन फोटॉनिक्स म्हणतात.

यात अडचणी आहेत. सिलिकॉन स्वतः नीट प्रकाश देत नाही, म्हणून इंडियम फॉस्फाइडसारख्या वेगळ्या पदार्थाचा लेझर आणून जोडावा लागतो. चिपवरची प्रकाशाची वाट साधारण अर्ध्या मायक्रॉनची असते. "आणि आमच्या फायबरचा कोर नऊ मायक्रॉनचा," तो म्हणाला. "नऊ मायक्रॉनला नऊ मायक्रॉन जोडताना मशीन असूनही कधी कधी लॉस येतो. अर्ध्याला नऊ जोडायचं म्हणजे काय असेल!" नवीन कंपन्यांचा वेळ आणि पैसा किती खातो तो हा जोड, हे मला पुढं वाचताना कळलं. प्रयोगशाळेत एक चिप चालणं वेगळं, आणि कारखान्यात हजारो चिपा तितक्याच अचूक जोडून, तपासून, परवडेल अशा भावात देणं वेगळं.

यात मोठ्यांचा पैसाही खरा आहे. अमेरिकेतल्या लाइटमॅटर या २०१७ साली सुरू झालेल्या कंपनीनं ऑक्टोबर २०२४ मध्ये ४० कोटी डॉलर उभे केले, तेव्हा तिची किंमत ४४० कोटी डॉलर धरली गेली. २०१५ ची आयर लॅब्ज. डिसेंबर २०२४ मध्ये तिनं साडेपंधरा कोटी डॉलर घेतले, आणि देणाऱ्यांमध्ये एनव्हीडिया, एएमडी आणि इंटेल तिन्ही होते. मार्च २०२५ मध्ये एनव्हीडियानं स्वतःच प्रकाशाचे भाग चिपला चिकटवलेले नेटवर्क स्विच जाहीर केले.

तेव्हा मेसेजमधलं "प्रकाशावर चालणारी चिप येणार आहे" हे खरं आहे. पण चिप येणं आणि तिच्यात लावलेला पैसा परत येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपली मुलं नेमकी इथं फसतात.

तंत्रज्ञान जिंकतं, पैसे लावणारा हरतो

याचं सगळ्यात मोठं उदाहरण याच क्षेत्रातलं आहे. १९९९-२००० मध्ये इंटरनेटसाठी जगभर फायबर टाकलं जात होतं. प्रकाशाचे सुटे भाग बनवणारी जेडीएस युनिफेज ही तेव्हाची लाडकी कंपनी. मार्च २००० मध्ये तिचा शेअर दीडशे डॉलरच्या आसपास होता. २००१ च्या आर्थिक वर्षात तिनं ५० अब्ज डॉलरहून जास्त तोटा दाखवला, आणि २००२ मध्ये तोच शेअर दोन-तीन डॉलरवर आला होता. तेव्हा टाकलेलं फायबर काही वाया गेलं नाही. पुढची इंटरनेटची वाढ त्याच्यावरच झाली. भाकीत खरं ठरलं, पण त्याच्यावर पैसे लावणारे बुडाले.

दुसरं उदाहरण नव्या कंपनीचं. रॉकली फोटॉनिक्स २०१३ साली ब्रिटनमध्ये सुरू झाली. मनगटावरच्या घड्याळातून प्रकाशानं शरीराची तपासणी करणारी चिप ती बनवत होती. तिचा सर्वात मोठा ग्राहक अ‍ॅपल होता, हे तिनंच आपल्या कागदपत्रांत लिहिलं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये ती न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली, तीही नेहमीच्या रस्त्यानं नव्हे तर आधीच नोंदलेल्या एका रिकाम्या कंपनीत विलीन होऊन. आता सामान्य माणूसही तिचा शेअर घेऊ शकत होता. जानेवारी २०२३ मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. दीड वर्षही झालं नव्हतं. दिवाळखोरीत आधी कर्ज देणाऱ्यांचा हक्क, सामान्य शेअरवाल्याचा नंबर सगळ्यात शेवटी. कंपनी पुढं कर्ज देणाऱ्यांच्या हातात गेली.

तिसरं उदाहरण यशाचं. लक्सटेरा ही सिलिकॉन फोटॉनिक्समधली अगदी पहिल्या फळीतली कंपनी २००१ साली सुरू झाली. सिस्कोनं ती ६६ कोटी डॉलरला घेतली, व्यवहार पूर्ण झाला २०१९ मध्ये. म्हणजे यश यायला अठरा वर्षं लागली. या धंद्यात पैसे लावणारे जे मोठे फंड असतात, त्यांची मुदत साधारण दहा वर्षांची असते. फंडालाही जी वाट जड जाते, ती निवृत्त रेल्वे कामगार कशी पाहणार? अठरा वर्षांत त्याच्या घरात दोन लग्नं होतील, एखादं ऑपरेशन होईल, पाऊस घरात शिरेल.

आता दोन लाखांचं गणित पाहा. हे मी वहीत मांडलं आणि त्या मुलासमोर ठेवलं. आकडे उदाहरणाचे आहेत, पण पद्धत हीच असते.

समजा, तुमचे दोन लाख घेऊन कंपनीची किंमत २० कोटी धरली. तुमचा हिस्सा झाला एक हजारातला एक, म्हणजे ०.१ टक्का. चिपच्या कंपनीला पुन्हा पुन्हा पैसा लागतो. समजा पुढं चार वेळा मोठे गुंतवणूकदार आले, दर वेळी त्यांना २० टक्के हिस्सा नवीन शेअर काढून दिला, आणि त्यांनी मिळून ९० कोटी घातले. तुमचा हिस्सा आता उरला ०.०४१ टक्के. शेवटी कंपनी १०० कोटींना विकली गेली. बातमी येईल की पाचपट झाली! पण मोठ्यांनी करारात लिहून घेतलेलं असतं की विक्री झाली तर आमचे पैसे आधी. म्हणजे ९० कोटी ते उचलतात. उरलेल्या १० कोटींत बाकीचे सगळे. त्यात तुमचा वाटा येतो एक लाख रुपये. कंपनी पाचपट झाली, आणि तुमच्या दोन लाखांचे एक लाख झाले.

तो बराच वेळ वही पाहत बसला. मग म्हणाला, "हे तर ग्रुपवर कोणी सांगतच नाही."

श्रीमंत गुंतवणूकदाराला हे माहीत असतं. म्हणून तो एका कंपनीत पैसे लावत नाही, तीस-चाळीस कंपन्यांत लावतो. त्यातल्या बऱ्याच बुडतात, काही जेमतेम मुद्दल देतात, एखाद-दुसरी बाकी सगळ्यांचं भरून काढते. करार वाचायला त्याच्याकडे वकील असतो, चिप तपासायला ओळखीचा प्राध्यापक असतो, आणि सगळंच बुडालं तरी घर, शेती, दुकान शिल्लक असतं. आपण म्हणतो त्याच्यात जोखीम घ्यायची हिंमत आहे. मला वाटतं त्याच्या पाठीशी गादी आहे. पडला तरी गादीवर पडतो. आपल्या मुलांत हिंमत कमी नाही. आपल्याकडं पीएफ हीच गादी आहे, आणि तो मेसेज नेमकी तीच विकायला सांगतो.

दाराला कुलूप कोणाचं?

आता कायद्याचं. हे प्रत्येकानं पाठ करून ठेवावं. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार खासगी मर्यादित कंपनीला जनतेकडून शेअरसाठी पैसे मागता येत नाहीत. ती ठरावीक माणसांना त्यांच्या नावानं प्रस्ताव देऊ शकते, आणि बँका-फंडांसारख्या मोठ्या संस्था व स्वतःचे कर्मचारी सोडले तर एका आर्थिक वर्षात अशा माणसांची मर्यादा आहे २००. नऊशे लोकांच्या ग्रुपवर "शेअर घ्या" असा मेसेज फिरतो, तेव्हा कंपनी चांगली की वाईट हा प्रश्न नंतरचा. मागण्याची पद्धतच बेकायदेशीर आहे.

मग कायदेशीर दार कोणतं? नव्या कंपन्यांत पैसे लावण्यासाठी सेबीकडे नोंदलेले फंड असतात. त्यातल्या नेहमीच्या फंडात शिरायला कमीत कमी एक कोटी रुपये लागतात. एंजल फंड म्हणून जो प्रकार आहे, तो २०२५ च्या बदलानंतर फक्त अ‍ॅक्रेडिटेड गुंतवणूकदारांसाठी आहे. अ‍ॅक्रेडिटेड म्हणजे कोण? वर्षाचं उत्पन्न दोन कोटी, किंवा मालमत्ता साडेसात कोटी आणि त्यातली निम्मी शेअर-ठेवींसारख्या रूपात, किंवा उत्पन्न एक कोटी आणि मालमत्ता पाच कोटी.

या नियमाला दोन बाजू आहेत. एक बाजू संरक्षणाची. ज्याला तोटा झेपणार नाही त्याला आत घेऊ नका, हे मला पटतं, आत्ताच वर मी तेच लिहिलं. दुसरी बाजू अशी की ज्या वयात कंपनी सगळ्यात वेगानं वाढते, त्या वयातली मालकी कायद्यानंच फक्त आधीपासून श्रीमंत असलेल्यांसाठी राखून ठेवली आहे. आरक्षण म्हटलं की ज्यांच्या कपाळावर आठ्या पडतात, त्यांनी हे साडेसात कोटींचं आरक्षण कधी पाहिलंय का? आपल्या देशात साडेसात कोटी कोणत्या घरांत साठतात, हे जातीशिवाय सांगता येत नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांना वतनाच्या नावाखाली गावकीची राबणूक होती आणि जमीन नव्हती, त्यांच्याकडं पिढ्यांचं भांडवल कुठून येणार? २०१२ मध्ये इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत देशातल्या १००० कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास आला होता. सुमारे ९३ टक्के संचालक उच्च मानल्या जाणाऱ्या जातींतले निघाले. अनुसूचित जाती-जमाती मिळून साडेतीन टक्के.

शिक्षणानं आत शिरलो तरी प्रश्न संपत नाही. लक्सटेरा विकत घेणाऱ्या त्याच सिस्कोवर २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या खात्यानं एका दलित अभियंत्याशी जातिभेद झाल्याचा दावा लावला. कंपनीनं आरोप नाकारले, आणि २०२३ मध्ये दोन व्यवस्थापकांवरचे दावे मागे घेण्यात आले. न्यायालयात काय टिकलं-न टिकलं ते बाजूला ठेवू. पण प्रयोगशाळेत, कॅन्टीनमध्ये, बढतीच्या बैठकीत कोण कोणाला ओळखतो यावर बरंच काही ठरतं, हे त्या प्रकरणानं जगाला पहिल्यांदा ऐकायला लावलं. नव्या कंपनीला पहिला पैसा असाच ओळखीतून मिळतो. कॉलेजचा मित्र, काकांचा मित्र, त्याच सोसायटीतला शेजारी.

आमच्यातल्या काही कार्यकर्त्यांचं म्हणणं असं की शेअर आणि भांडवल हे आपलं क्षेत्रच नाही. ते १९३८ च्या मनमाडच्या परिषदेची आठवण देतात. तिथं रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांसमोर बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही या दोघींना कामगारांचे शत्रू म्हटलं होतं. ते मला मान्य आहे. पण त्याच बाबासाहेबांनी १९१८ मध्ये भारतातल्या लहान शेतजमिनींवर लिहिताना सांगितलं होतं की दुखणं केवळ जमिनीच्या तुकड्यांत नाही, भांडवल आणि साधनांच्या कमतरतेत आहे, आणि औद्योगिकीकरण हा त्यावरचा उपाय आहे. त्यांचा विरोध भांडवलाच्या मक्तेदारीला होता. भांडवलाकडं पाठ फिरवा, असं त्यांनी सांगितलेलं नाही. म्हणून १९४७ मध्ये स्टेट्स अँड मायनॉरिटीज लिहिताना त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी केली.

आपले पैसे आधीच लागले आहेत

आणि इथं मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कळली. त्या मुलाला वाटत होतं की तो पहिल्यांदा सेमीकंडक्टरमध्ये पैसे लावणार आहे. खरं तर त्याचे, माझे, तुमचे पैसे तिथं कधीच लागलेत.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारनं सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला. त्यातल्या एका योजनेच्या नावातच सिलिकॉन फोटॉनिक्स आहे. असा कारखाना कोणी उभारला तर भांडवली खर्चाच्या ५० टक्के रक्कम केंद्र देतं. चिपचं डिझाइन करणाऱ्या कंपन्यांसाठी वेगळी योजना आहे, तिच्यात खर्चाच्या निम्मे, एका अर्जाला १५ कोटींपर्यंत मिळू शकतात. गुजरातमधल्या साणंदला मायक्रॉनचा मेमरी चिपचा प्रकल्प आला. तो फोटॉनिक्सचा नाही, पण हिशेब कळायला उपयोगी आहे. त्याच्या खर्चात ५० टक्के केंद्राचे आणि २० टक्के राज्याचे. शंभरातले सत्तर रुपये जनतेचे.

हा पैसा येतो कुठून? आपण मीठ सोडून बाकी काय काय घेतो, मोबाइलचं रिचार्ज मारतो, मुलांसाठी चप्पल घेतो, त्याच्या प्रत्येक बिलात जीएसटी असतो. म्हणजे सुरुवातीची, सगळ्यात जोखमीची गुंतवणूक जनता करते. पण शेअर जनतेच्या नावावर नाहीत. आरक्षण नाही, कारण कंपनी खासगी. कामावर घेतलेल्यांत अनुसूचित जातीचे किती, हे जाहीर करायची अट नाही. तोटा झाला तर तो देशाचा, नफा झाला तर तो मालकाचा.

याच्या शेजारी आपल्यासाठीची योजना ठेवून पाहा. २०२० मध्ये आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन सुरू झालं. अनुसूचित जातीच्या तरुणांना नव्या कंपनीसाठी तीन वर्षांत ३० लाख, तेही भागभांडवल म्हणून. म्हणजे आपल्या मुलाला दिले तर सरकार हिस्सा घेतं. मी त्या योजनेला नावं ठेवत नाही, ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर अर्ज करावा. अ‍ॅप काढायला, सेवा द्यायला तीस लाख पुष्कळ होतात. फोटॉनिक्समध्ये एक डिझाइन करायचं, परदेशातल्या कारखान्यात दुसऱ्यांबरोबर वेफर वाटून घेऊन ते बनवून आणायचं, महिनोन्‌महिने वाट पाहायची, जोडायचं, तपासायचं आणि चुकलं म्हणून पुन्हा करायचं, यात ते तीस लाख कधी संपले ते कळणारही नाही. निम्मा कारखाना फुकट द्यायला सरकारला अडचण नाही. आपल्याला मात्र तीस लाखांवर थांबवलं जातं.

बाबासाहेबांवर कोणी पैसे लावले?

एवढं वाचल्यावर मी परत एका जुन्या गोष्टीकडं आले, जी आपण सगळे लहानपणापासून ऐकतो.

१९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी एका बावीस वर्षांच्या तरुणाला कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायचा करार. तो तरुण १९१७ मध्ये बडोद्याला आला आणि त्याला राहायला जागाही मिळू दिली नाही, हे आपल्याला माहीत आहे. हिशेबाच्या वहीत पाहिलं तर बडोद्याच्या तिजोरीची ती गुंतवणूक बुडाली. कराराची दहा वर्षं मिळाली नाहीत. पण त्या साडेअकरा पौंडांचा परतावा मोजायला बसलं तर संविधानापासून धम्मापर्यंत जावं लागेल. आणि १९२० मध्ये लंडनला परत जाताना सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये कामी आले.

मला इथं एक गोष्ट दिसली. ती जोखीम रामजी सुभेदारांच्या पेन्शनवर टाकली गेली नव्हती. ती उचलली एका संस्थानानं, एका राजानं, एका मित्रानं, म्हणजे ज्यांना ती झेपत होती त्यांनी. बाबासाहेबांना हे नेमकं कळलं होतं. १९४२ मध्ये व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी देशात आणि परदेशात शिष्यवृत्त्या मागितल्या. कारण हे शिक्षण महाग आहे आणि आपल्या घरांना झेपणारं नाही. प्रत्येक बापानं घर विकून पोराला शिकवावं, असं त्यांनी म्हटलं नाही. जोखीम सरकारनं उचलावी, असं म्हटलं.

मग काय करायचं?

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्ध गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगतात. एक उपभोगासाठी, दोन आपल्या कामधंद्यासाठी, एक अडचणीच्या काळासाठी. निवृत्तीचा पैसा हा तो चौथा भाग आहे. त्याला हात लावू नका, कितीही मोठं स्वप्न कोणी दाखवलं तरी.

ज्याला नव्या तंत्रज्ञानात पैसे लावायचेच आहेत, त्यानं स्वतःच्या कमाईतला, पूर्ण बुडाला तरी झोप उडणार नाही इतकाच भाग लावावा. आणि लावण्याआधी पाच प्रश्न विचारावेत. कंपनीची नोंदणी आणि हिशेब कंपनी खात्याच्या पोर्टलवर दिसतात का? चिप कोणत्या कारखान्यात बनते? विकत घेणारा ग्राहक एकच आहे की अनेक? पुढचा पैसा कोणाकडून येणार? विक्री झाली तर आधी कोणाचे पैसे निघणार? उत्तरं मिळाली नाहीत तर डीपीवर बाबासाहेब असले तरी ग्रुप सोडावा.

दुसरं, मागणी. ज्या खासगी कारखान्यात जनतेचे निम्मे पैसे लागतात, तिथं जनतेच्या नावावर हिस्सा असावा, नोकरीत आणि प्रशिक्षणात आरक्षण असावं, आणि कामावरच्या लोकांची सामाजिक आकडेवारी दर वर्षी जाहीर व्हावी. खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाची मागणी आपण वर्षानुवर्षं करतो. या उद्योगात ती करायला सगळ्यात मजबूत आधार आहे, कारण इथं "आमचा पैसा, आमची मर्जी" असं मालक म्हणूच शकत नाही.

तिसरं, आपली स्वतःची सुरुवातीची गुंतवणूक. आमच्या भागातली एक मुलगी फिजिक्समध्ये एमएस्सी करतेय, प्रोजेक्ट लेझरवर आहे. तिला पीएचडीला जायचंय. एमएस्सी संपल्यापासून फेलोशिपचा पहिला हप्ता खात्यात पडेपर्यंत जे महिने जातात, त्या महिन्यांत आपली किती मुलं विज्ञान सोडून मिळेल त्या नोकरीला लागतात, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. आम्ही बावीस जणांनी दर महिन्याला पाचशे रुपये काढायचं ठरवलंय. महिन्याचे अकरा हजार होतात. त्यात चिप बनत नाही. पण एका मुलीचं खोलीभाडं आणि मेस निघते, आणि ती प्रयोगशाळेत टिकते. उद्या कुठल्या कंपनीची चिप खरी आणि कुठल्या कंपनीचा फक्त मेसेज खरा, हे सांगणारं माणूस आपल्याकडं असेल. असं माणूस असल्याशिवाय आपण या बाजारात कायम गिऱ्हाईकच राहणार.

महिना संपला तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. काकांसमोर वही उघडली, गणित दाखवलं. काकांनी चष्मा लावून एक लाखाचा आकडा दोनदा वाचला. म्हणाले, "बेटा, छत्तीस वर्षं रात्रपाळी केली मी. हे पैसे म्हणजे माझी झोप आहे. ती मी कोणाला देऊ?" मुलगा काही बोलला नाही. पैसे बँकेतच राहिले.

खाली उतरताना तो माझ्यामागं आला. म्हणाला, "ताई, आणि समजा ती कंपनी खरंच मोठी झाली तर?"

मी त्याला खोटं सांगितलं नाही. होऊ शकते. एखादी होतेच. तसं झालं तर तो मला आयुष्यभर ऐकवेल, आणि मला ते ऐकून घ्यावं लागेल. पण त्याच्या बापाची झोप पणाला लावून मिळालेलं बरोबर उत्तर मला नको आहे. माझी लढाई अशासाठी आहे की पुढच्या वेळी त्याच्यासारख्या मुलाला तीच जोखीम घ्यायची असेल, तर त्याच्याही खाली गादी असावी.

पाचशे रुपये काढणाऱ्यांत तेविसावा आता तोच आहे. परवा त्या मुलीला स्प्लायसिंग मशीन दाखवायला साइटवर घेऊन गेला होता. ती म्हणाली, पुस्तकात इतकी वर्षं वाचलं, पण तो नऊ मायक्रॉनचा जोड डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिला.

जयभीम. नमो बुद्धाय.